छोट्या गाडीला अलॉय आणि ट्यूबलेस घेताय? आधी टायर ठरवा, मग रिम

अलॉय (म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे रिम) कुठले घेऊ असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये एक फोटो आधीच सेव्ह असतो, काळा रंग, कडेला डायमंड कट, बारीक बारीक दहा काड्या म्हणजे स्पोक, आणि गाडीला टायर कुठल्या साइजचा येतो असं विचारलं की उत्तर येतं "चौदाचा असेल बहुतेक". म्हणजे दागिने ठरले आणि नवरी अजून बघायचीय. हे उलटं करा. आधी टायरचा साइज नक्की करा, मग त्या टायरला आणि तुमच्या गाडीच्या हबला (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) बसणारा रिम कुठला ते बघा, आणि त्यात जी काय चार-पाच डिझाइन उरतील त्यातली आवडेल ती घ्या. सगळे पैसे रस्त्याला टेकतात तिथे घालवा, दिसतात तिथे नंतर.

दुसरं म्हणजे अलॉय आणि ट्यूबलेस ही जोडगोळी नाहीये. दुकानात दोन्ही एकत्रच सांगतात म्हणून लोकांना वाटतं ट्यूबलेस टाकायचे तर अलॉय घ्यावेच लागतात. तसं काही नाही, गेल्या काही वर्षातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना लोखंडी रिमवरच ट्यूबलेस येतात. तुमच्या गाडीला आत्ता काय आहे ते बघायला दोन मिनिटं लागतात. टायरच्या बाजूला ट्यूबलेस असं कोरलेलं असतं, पण नुसत्या त्यावर जाऊ नका कारण ट्यूबलेस टायरमध्ये कुणीतरी ट्यूब टाकून ठेवलेली असू शकते, सेकंड हँड गाडीत तर हमखास. व्हॉल्व्ह बोटाने हलवून बघा. ट्यूब असेल तर व्हॉल्व्ह रिमच्या भोकात सैल असतो, मागेपुढे होतो. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह रबरी बुंध्यासकट रिममध्येच घट्ट बसलेला असतो, वाकेल पण सरकणार नाही.

ट्यूबलेसचा फायदा काय तर, ट्यूबवाल्या टायरमध्ये खिळा घुसला की ट्यूब फाटते आणि सगळी हवा व्हॉल्व्हच्या भोकातून आणि रिमच्या फटीतून एका दमात जाते, गाडी चालत असताना हे झालं तर स्टिअरिंग हातात राहत नाही. ट्यूबलेसच्या आतल्या बाजूला ब्युटाइल रबरचा थर असतो, त्यातून हवा सहजासहजी जात नाही, आणि खिळा घुसला तरी रबर त्याला आवळून धरतं, हवा जाते पण हळूहळू, तुम्ही पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचता. चाक न काढता बाहेरून स्ट्रिप (भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी) मारून दहा मिनिटात काम होतं. आणि ट्यूब नाही म्हणजे ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून तापणं पण नाही.

आता जुनी गाडी असेल आणि ट्यूबवाल्या रिमवर ट्यूबलेस चढवायचे असतील तर रिम आधी नीट बघून घ्या. ट्यूबलेसच्या रिमला आतून जिथे टायरची कड बसते त्याच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला हंप म्हणतात, वळणावर टायरची कड आत घसरून हवा एकदम सुटू नये म्हणून तो असतो. रिमवर 5.5जे × 15 एच2 असं काहीतरी कोरलेलं दिसेल, त्यातलं एच म्हणजे तोच हंप. तो नसेल किंवा कड गंजून खडबडीत झाली असेल तर त्या रिमवर ट्यूबलेस नको, अशा वेळी नवीन रिम घेणं खरंच गरजेचं आहे, मग लोखंडी घ्या नाहीतर अलॉय घ्या.

साइज वाचायला शिका, सोपं आहे. टायरवर 165/80 आर14 85टी असं लिहिलेलं असेल तर 165 ही मिलिमीटरमधली रुंदी, 80 म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिमी, आर म्हणजे रेडियल, 14 इंचाचा रिम, 85 हा लोड इंडेक्स आणि टी हा स्पीडचा. 85 म्हणजे एक टायर 515 किलो उचलतो आणि टी म्हणजे ताशी 190 पर्यंत चालतो. लोकांना स्पीडच्या अक्षराची फार हौस असते, एच आहे का व्ही आहे का, पण छोट्या गाडीला खरं महत्त्व लोड इंडेक्सला आहे कारण पाच माणसं, डिक्कीत सामान आणि वर घाट. कंपनीने दिलाय त्याच्यापेक्षा कमी लोड इंडेक्सचा टायर टाकायचा नाही, कितीही स्वस्त मिळू दे.

स्विफ्टचं उदाहरण घेतो कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त त्याच गाडीवाल्यांचा असतो. 2018 ची स्विफ्ट धरा, खालच्या व्हेरियंटला 165/80 आर14 लोखंडी रिमवर आणि वरच्याला 185/65 आर15 अलॉयवर. मग खालच्या व्हेरियंटवाला म्हणतो मला वरच्यासारखी दिसायला हवी. बरोबर आहे, आणि सगळ्यात सुरक्षित रस्ता पण हाच आहे. हिशोब करून बघा, 14 इंच म्हणजे 355.6 मिमी, त्यात दोन्हीकडची साइडवॉल 132 अधिक 132, एकूण व्यास 619.6 मिमी. आता 185/65 आर15 चा, 381 अधिक दोनदा 120.25, होतात 621.5. दोन मिलिमीटरचा पण फरक नाही. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, गिअरिंग बदलणार नाही, गाडीची उंची तेवढीच राहील, आणि 88 च्या लोड इंडेक्सचा टायर मिळतो म्हणजे 560 किलो, मूळपेक्षा जास्तच.

आता हाच माणूस दुकानात जातो आणि दुकानदार म्हणतो 185 चा स्टॉक नाही, 195/65 घ्या, अजून भरीव दिसेल. त्याचा व्यास येतो 634.5, म्हणजे जवळजवळ अडीच टक्के मोठा. टायर बसेल, पण स्पीडोमीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा जोरात चाललेली असेल, उठावात गाडी जड वाटेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेलात की आतल्या प्लास्टिकला घासायची शक्यता. उलट कुणी 14 इंचावरच 185/65 टाकतो कारण स्वस्तात मिळाला, त्याचा व्यास 596, पावणेचार टक्के कमी, गाडी सेंटिमीटरभर खाली बसते आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहितीयेत. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा, एकाच्या आत असेल तर उत्तम.

वॅगन आरचं पण तसंच, 2019 पासूनच्या एक लिटरला 155/80 आर13 म्हणजे व्यास 578, आणि 1.2 ला 165/70 आर14 म्हणजे 586.6, दीड टक्का फरक, चालतंय. एकंदर नियम असा धरा की तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते तो डोळे झाकून घ्या, कारण सस्पेन्शन, ब्रेक, फेंडरमधली (चाकावरच्या पत्र्यातली) जागा हे सगळं कंपनीने त्याच्यावर तपासलेलं असतं. त्याच्या पलीकडे गेलात, म्हणजे छोट्या हॅचबॅकला सोळा-सतरा इंची, तर फोटो छान येतात पण साइडवॉल इतकी बारीक होते की प्रत्येक खड्डा थेट रिमला आणि तुमच्या कमरेला. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी लांब नेली की वांधे. टायर फेंडरच्या बाहेर डोकावत असेल तर पोलिसाला अडवायला निमित्त मिळतं आणि अपघातात इन्शुरन्सवाल्याला.

आणि हो, ज्यांचं बजेट कमी आहे त्यांच्यासाठी, अलॉय न घेता पण बरंच काही होतं. 165/80 च्या ऐवजी 185/70 आर14 घेतलात तर व्यास 614.6, पाऊण टक्का फरक, आणि पहिल्या स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला हा साइज कंपनीच देत होती. मूळ लोखंडी रिमच्या आत रुंदी कोरलेली असते, 5जे किंवा वर असेल तर 185/70 त्यावर बसतो. रिमचे वीस-पंचवीस हजार वाचले, ते चांगल्या टायरमध्ये घाला. पावसात ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबते हे टायर ठरवतो, त्यात अलॉयचा काही संबंध नाही. फक्त रुंद टायरने मायलेज थोडं पडतं आणि स्टिअरिंग किंचित जड होतं, ते मान्य करून घ्या, शहरात सिग्नल टू सिग्नल चालवणाऱ्याला मूळ 165 च परवडतो.

टायर कुठल्या कंपनीचा यावर भांडणं होतात त्यात मी पडत नाही. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, मिशेलिन सगळ्यांचे चांगले पण आहेत आणि साधे पण आहेत, बघायचं हे की त्या कंपनीचा कुठला मॉडेल. ढोबळमानाने प्रत्येक कंपनीचा एक टायर जास्त किलोमीटर चालणारा असतो, कडक रबरचा, टॅक्सीवाले तो घेतात, आणि एक मऊ रबरचा, जो पकड जास्त देतो, आवाज कमी करतो पण लवकर झिजतो. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच गाडी चालवणाऱ्या माणसाचं कडक टायर घेऊन काहीच साधत नाही, तो झिजायच्या आधी म्हातारा होईल. तुमचा टायर झिजून जातो की वयाने जातो हे एकदा विचार करा, उत्तर तिथेच मिळेल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी रुंद आणि खोल सरळ खाचा असलेली नक्षी बघावी, पाणी बाहेर फेकायचं काम त्या करतात.

वय कसं बघायचं तर टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. हे आकडे कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि चढवताना ती बाजू आत गेली की मग बघायला गाडीखाली झोपावं लागतं, म्हणून चढवायच्या आधी चारही टायर जमिनीवर ठेवून वाचून घ्या. सहा महिन्याच्या आतला मिळाला तर छान, वर्षाच्या वर असेल तर भाव पाडा, दोन वर्षं जुना फुकट दिला तरी मी म्हणेन दुसरा दाखवा. आयएसआय मार्क आहे ना बघा. बिल पक्कं घ्या, त्यावर टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतात. आणि भाव विचारताना लक्षात असू द्या की 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, जुन्या छापील लिस्टवरून कुणी दर सांगत असेल तर त्याला प्रेमाने आठवण करून द्या.

आता रिम. इथे चार गोष्टी जुळल्या पाहिजेत आणि त्यातल्या तीन दुकानदार आपणहून सांगत नाही.

पहिली पीसीडी, ही सगळ्यांना माहिती असते. चाकाचे नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. स्विफ्टला 4×100, म्हणजे चार नट 100 मिमीच्या वर्तुळावर. जुन्या मारुती 800 ला 4×114.3 असायची, म्हणून जुन्या गाडीला "मारुतीचेच आहेत, बसतील" असं म्हणून कुणी दिले तर घेऊ नका. काही अलॉयना आठ भोकं असतात, दोन्ही पीसीडीला चालावेत म्हणून. चालतात, पण मला ते दिसायला काही आवडत नाहीत, चार भोकं कायम मोकळी आ वासून असतात.

दुसरी सेंटर बोर, म्हणजे मधलं मोठं भोक, ज्यात गाडीचा हब शिरतो. मारुती आणि ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांना बहुतेक करून 54.1 मिमी, होंडाला 56.1. बाहेरचे अलॉय मुद्दाम मोठ्या भोकाचे बनवतात, सगळ्या गाड्यांना खपवायचे असतात ना. मग हब आणि रिम यांच्यात फट राहते, चाक फक्त नटांच्या आधारावर मध्यात बसतं, आणि जरा इकडे तिकडे बसलं की 80-90 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक चार-चार वेळा बॅलन्सिंग करून घेतात तरी जात नाही. त्यावर उपाय हब रिंग, प्लास्टिक किंवा अॅल्युमिनियमची कडी, बाहेरून रिमच्या मापाची आणि आतून हबच्या. थोड्याशा पैशात येते. दुकानात तोंडाने विचारा, हब रिंग टाकणार ना, कुठल्या मापाची? समोरचा गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

तिसरी ऑफसेट, रिमवर ईटी लिहून पुढे आकडा असतो. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे, तो हा आकडा. तो जेवढा कमी तेवढं चाक फेंडरच्या बाहेर येतं. समजा गाडीचा मूळ ईटी 45 आहे आणि तुम्ही तेवढ्याच रुंदीचा 35 चा घेतला, तर प्रत्येक चाक 10 मिमी बाहेर गेलं. दिसायला गाडी ऐटबाज, पण बेअरिंगवर ताण वाढतो, चिखल दरवाजावर उडतो, मागे तीन जण बसले की फेंडरच्या कडेला टायर घासतो. चार-पाच मिलिमीटरचा फरक चालतो, त्याच्या पुढे मी जाणार नाही.

चौथी रिमची रुंदी. 185/65 आर15 ला 5 ते 6.5 इंच रुंद रिम चालतो, साडेपाच किंवा सहा सगळ्यात चांगला. कमी रुंद टायर जास्त रुंद रिमवर ताणून बसवायची एक फॅशन आहे, त्यात टायर रिमपेक्षा आत जातो आणि फुटपाथला पहिला रिमच घासतो, नको त्या भानगडी.

नटाचं पण बघा. मारुतीचे नट एम12×1.25 आट्याचे आणि ह्युंदाई, होंडाचे एम12×1.5 चे, चुकीचा नट लावला तरी पहिले दोन आटे फिरतात आणि पाना लावला की आटे खलास. शिवाय नटाची बसायची जागा निमुळती आहे की गोल ते रिमला जुळलं पाहिजे. काही अलॉयबरोबर बारीक नट आणि त्याची वेगळी किल्ली येते, ती किल्ली गाडीतच ठेवा, घरातल्या ड्रॉवरमध्ये नाही. आणि जुने मूळ नट फेकू नका, एका पिशवीत घालून डिक्कीत ठेवा, लोखंडी स्टेपनी लावायची वेळ आली तर तेच लागू शकतात.

मार्क बघा. आयएसआय तर हवाच, त्याशिवाय चांगल्या रिमवर आत जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए असे दोन जपानी तपासणीचे शिक्के असतात, रिम किती लोड सहन करतो तो आकडाही असतो. शिक्का नुसता ओतलेला असला म्हणजे तपासणी झालीच असं नाही, पण ज्यावर काहीच नाही त्याला हात लावू नका. आपल्याकडेच पुण्याजवळ शिक्रापूरला एन्काई कंपनी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी अलॉय बनवते, म्हणजे चांगला माल देशात बनतोच, अगदी परदेशी नावाच्या मागे धावायची गरज नाही. माझं मत विचाराल तर कंपनीच्याच वरच्या व्हेरियंटचे ओरिजिनल अलॉय मिळाले तर बाकी सगळं विसरा. बरेच जण नवीन गाडी घेतल्या घेतल्या मोठे अलॉय टाकतात आणि कंपनीचे न वापरलेले सेट दुकानात विकतात, ते तुम्हाला अर्ध्या किमतीत पडतात आणि वरच्या चारही गोष्टी आपोआप जुळतात.

पण वापरलेला सेट घेताना उलटा करून बघा. पुढचा चेहरा पॉलिश करून मिळतो, खरी गोष्ट मागे लिहिलेली असते. रिमच्या आतल्या गोलावर बोट फिरवा, कुठे खोलगट लागलं तर खड्ड्यात बेंड झालाय. काड्या जिथे गोलाला मिळतात तिथे केसासारखी रेघ आहे का टॉर्च मारून बघा. एखाद्या ठिकाणी रंगाचा पोत वेगळा वाटला, नखाने दाबल्यावर मऊ लागलं, तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग बॅलन्सिंगच्या मशीनवर नुसता रिम फिरवायला सांगा, तिरका फिरतोय का डोळ्याने दिसतं. थोडा बेंड मशीनवर काढून मिळतो, ते ठीक आहे. क्रॅकवर वेल्डिंग मारलेला रिम मात्र भंगारात.

अलॉय हलके असतात म्हणून मायलेज वाढतं असं सांगतात, त्याच्यावर जास्त विसंबू नका. कंपनीचे बऱ्यापैकी हलके असतात, पण बाजारातला एक इंच मोठा, स्वस्तातला ओतीव अलॉय कित्येकदा मूळ लोखंडी रिमपेक्षा जडच भरतो. खात्री करायची असेल तर शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर दोन्ही ठेवून बघा, दुकानदार थोडा कुरकुरेल.

डिझाइनबद्दल एवढंच की बारीक दहा-बारा काड्यांचे अलॉय फोटोत भारी, धुताना शिव्या. पाच जाड काड्यांचा साधा रिम मार पण जास्त सहन करतो आणि फडकं पण आत जातं. फार मोकळी डिझाइन घेतलीत तर मागच्या चाकाचा गंजलेला ड्रम रस्त्यावरून दिसतो, बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात, त्याला आधी काळा उष्णतारोधक रंग मारून घ्या. आणि रत्नागिरी, मालवण, गोवा अशा समुद्राकाठच्या लोकांनी डायमंड कट घेऊच नये असं मी म्हणेन, तासलेल्या भागावर नुसता पारदर्शक लेप असतो, एक दगड लागला की खारी हवा आत शिरते आणि लेपाखाली पांढऱ्या जाळ्या पसरत जातात. पूर्ण पेंट केलेला चंदेरी किंवा ग्रे घ्या.

बसवायच्या दिवशी घाई करू नका, सकाळी जा, दुकानात गर्दी नसते. टायर चढवायची मशीन अशी हवी जिच्या डोक्याला प्लास्टिकची टोपी आहे, नाहीतर नव्या रिमवर पहिला ओरखडा तिथेच पडतो. टायरवर बाण असेल तर फिरायची दिशा बघा. पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर आणायचा म्हणजे बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. रबरी व्हॉल्व्ह नवीनच टाकायला सांगा, जुना चिरला की सगळं मुसळ केरात. बॅलन्सिंगची वजनं अलॉयला आतून चिकटवायची, लोखंडी रिमसारखी कडेला ठोकायची नाहीत, आणि चिकटवायच्या आधी ती जागा पुसून कोरडी करायला सांगा, ओल्यावर लावलेली वजनं पहिल्याच पावसात पडतात.

हवा भरली की साबणाचं पाणी मागा. टायरची कड रिमला मिळते तिथे गोल फिरवून ओता, दोन्ही बाजूंनी, मग व्हॉल्व्हच्या बुंध्याला आणि तोंडाला. बारीक बुडबुड्यांची साखळी एका जागी उठत राहिली तर तिथे गळती आहे, तिथल्या तिथे टायर उतरवून कड साफ करून परत बसवायला लावा. हे घरी आल्यावर आठवड्याने कळलं की परत फेरी.

मग चाक लावताना नट हाताने फिरवून बसवायचे, नंतर समोरासमोरचे पाना मारत घट्ट करायचे. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळत बसले तर थांबवा, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) मागा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर एकदा परत तपासायचे, नवीन अलॉयचे नट थोडे बसतात. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून चाकाच्या आत हात घालून बघा, स्ट्रट (चाकामागचा सस्पेन्शनचा खांब) आणि टायरच्या मध्ये आडवं बोट गेलं पाहिजे. मागे तीन मित्र बसवून एका स्पीडब्रेकरवरून हळू न्या, घासल्याचा आवाज आला तर पैसे द्यायच्या आधीच बोला. अलाइनमेंट त्याच दिवशी.

जुन्या टायरचा भाव ठरवायचा तो नवीन घेतानाच, आधी नाही आणि नंतर तर नाहीच. गाडी नवी असेल तर त्या टायरना चांगला भाव येतो. एक लोखंडी चाक तसंही स्टेपनी म्हणून राहतंच, व्यास जवळजवळ सारखा ठेवलाय म्हणून ते पंक्चर काढेपर्यंत चालतं, पण 80 च्या खाली आणि जवळपासच.

हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं, साइज बदललात तर वरच्या व्हेरियंटचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. सकाळी टायर थंड असताना. नायट्रोजनसाठी पैसे मागतात, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे, मी पंपावरची फुकट हवा भरतो, पंधरा दिवसांनी. ट्यूबलेसमध्ये एक धोका असा की हवा हळू जाते म्हणून कळतच नाही, लोक अर्ध्या हवेवर आठवडाभर फिरतात आणि साइडवॉल आतून चुरून जाते, मग पंक्चर काढून उपयोग नाही. पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर स्ट्रिप मारून घ्या, मोठं असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्या, तो जास्त टिकतो. साइडवॉलला चिरा किंवा फुगा आला तर टायर गेला, कुणी म्हणालं ट्यूब टाकून देतो अजून दोन वर्षं चालेल, तर त्याला नमस्कार करून निघा.

कायद्याने नक्षी 1.6 मिमीच्या खाली गेली की टायर बाद. खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे तीच वेळ. पण पावसाळ्यात गाडी बाहेर काढणाऱ्याने 3 मिमी राहिली की बदलायचं बघावं, गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो.

शेवटचं कागदाचं. अलॉय बाहेरून टाकलेत तर इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीत अॅक्सेसरी म्हणून टाकून घ्या, किंमत लिहून, थोडा प्रीमियम वाढतो. नाहीतर क्लेमच्या वेळी लोखंडी रिमचे पैसे मिळतात किंवा तेही नाही. टायरला क्लेममध्ये 50 टक्के घसारा धरतात, आणि नुसता टायर फुटला, गाडीला बाकी काही झालं नाही, तर साध्या पॉलिसीत काहीच मिळत नाही. गाडी रस्त्यावर उभी करत असाल तर प्रत्येक चाकाला एक लॉक नट लावा, रात्रीत चाकं काढून गाडी विटांवर ठेवणारे लोक सगळ्या शहरात आहेत, आणि त्या लॉकच्या किल्लीवरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.